बसायला जागा कुठं आहे ते आधी बघा

वाचकाचं पत्र: "ताई, मी बांदोड्याची, वय ७१, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. आमच्या भजनी मंडळातल्या आम्ही सात-आठ जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. एकीचा गुडघा बदललाय, दोघींना शुगर, एकीचे यजमान पॅरालिसिसनंतर व्हीलचेअरवर आहेत आणि ती त्यांना एकटं सोडून कुठं येत नाही. आम्हाला झाडापेडांत, पाण्याकाठी फिरायला जायचंय, महिन्यातून एकदा-दोनदा तरी. मुलगा म्हणतो, आई पडशील, घराच्या अंगणात फिर. काठी घ्यायची मला लाज वाटते, तेही सांगूनच टाकते. गोव्यात आमच्यासारख्यांना झेपेल असं कुठं जाता येईल आणि सुरुवात कशी करायची?"

नमस्कार बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. पहिलं उत्तर एका शब्दात देते, जा. आणि ज्यांचे यजमान व्हीलचेअरवर आहेत त्यांना दोघांनाही बरोबर घेऊन जा, ते कसं जमवायचं ते पुढे सांगते.

मुलाचं म्हणणं तेवढं उडवून लावू नका, त्याची भीती खोटी नाही. पण पडण्याच्या भीतीनं घरात बसून राहिलं की पायातली ताकद जाते, तोल सांभाळायची सवय जाते, आणि मग माणूस खरंच पडतं, तेही बाथरूममध्ये नाहीतर उंबऱ्यावर. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्या लोकांनाही आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल-न लागेल अशी हालचाल करायला सांगते, आणि शिवाय आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकद वाढेल असं काहीतरी. अंगणातल्या फेऱ्यांनी मिनिटं भरतील हो, पण अंगणात तोच तुळशीकट्टा आणि तीच गेट, चार दिवसांत कंटाळा येतो आणि बंद पडतं. झाडांत, पाण्याजवळ जायची ओढ असली की माणूस सकाळी आपणहून उठतं, म्हणून तुमची इच्छा मला फार मोलाची वाटते.

आता मुद्द्याचं. लोक विचारतात किती किलोमीटर आहे, चढ आहे का. मी उलटं विचारायला सांगते: बसायला कुठं मिळेल, पायाखाली काय आहे, बाथरूम कुठं आहे, आणि मध्येच कुणाला नको झालं तर गाडी किती जवळ येते. या चार गोष्टी जमल्या तर अर्धा किलोमीटरही भरपूर आणि दोन किलोमीटरही झेपतात, नाही जमल्या तर दोनशे पावलंसुद्धा त्रासाची होतात. आणि हे फोनवरचे फोटो बघून कळत नाही, कुणीतरी आधी जाऊन बघून यायला लागतं. तुमच्यातली जी सगळ्यात धडधाकट आहे तिनं आणि एखाद्या मुलानं-सुनेनं एक दिवस आधी जावं, बाकी काही नाही, फक्त बसायच्या जागा मोजाव्यात. दोन बसायच्या जागांमध्ये तुमच्या गुडघेवाल्या मैत्रिणीला न थांबता चालता येईल एवढंच अंतर हवं. नसेल तर घडीचं हलकं स्टूल न्यायचं, ॲल्युमिनियमची मिळतात, खांद्याला अडकवता येतात.

बाथरूमबद्दल बायका बोलत नाहीत म्हणून मीच बोलते. फिरायला जायचं म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही हे आपल्याकडच्या सगळ्या बायका करतात आणि ते या वयात वाईट, चक्कर येते, बीपी पडतो, युरिनचं इन्फेक्शन होतं. त्यापेक्षा सोय असलेली जागा निवडा. ज्यांना बीपीसाठी लघवीची गोळी आहे त्यांनी ती त्या दिवशी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावं, आपल्या मनानं चुकवू नये.

आणि म्हणूनच पहिली फेरी लांब कुठं नको, तुमच्या बांदोड्यातच करा. तुम्ही म्हणाल ते तर रोजचंच. पण बघा, नागेशी, महालक्ष्मी, रामनाथी, सगळी देवस्थानं हाकेच्या अंतरावर, तिथे सपाट आवार आहे, बसायला कट्टे आहेत, बाथरूम आहे, पाणी आहे, ओळखीची माणसं आहेत, गाडी दारात येते. देवळापासून सुरू करून कुळागरांच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागांच्या कडेनं जाणाऱ्या डांबरी रस्त्यानं चालायचं आणि परत देवळातच यायचं. फोंडा तालुक्यासारखी कुळागरं दुसरीकडे शोधून मिळत नाहीत, आणि उन्हाळ्यातसुद्धा तिथली सावली नि गारवा अंगाला लागतो. वर माड-पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरवेल, खाली केळी, मध्ये जायफळ, आणि पाटाच्या पाण्याचा आवाज. फक्त कुळागराच्या आत उतरायचा मोह टाळा, पायवाटा अरुंद, चिरे पाण्यानं बुळबुळीत, पाट ओलांडायला एक पोफळीचा ओंडका टाकलेला असतो तो तर नकोच. रस्त्यावरूनच सगळं दिसतं. आणि माडाखाली स्टूल टाकून बसू नका, हे सांगायची गरज नाही खरं तर, पण गप्पांत लक्ष राहत नाही. आत जाऊनच बघायचं असेल तर सावईवेरे, केरी, कुर्टी या भागात लोकांना दाखवायला खुली असलेली मसाल्याची कुळागरं आहेत, तिथे वाटा आखलेल्या असतात, जेवायची नि बसायची सोय असते. आधी फोन करून एवढंच विचारा, पायऱ्या किती आणि व्हीलचेअर कुठपर्यंत जाते.

एकाच वाटेनं पुन्हा पुन्हा जा असं मी मुद्दाम सांगते. दर वेळी नवी जागा शोधत बसलं की दर वेळी नवा धोका आणि दर वेळी गाडीची जुळवाजुळव. तीच वाट दर पंधरा दिवसांनी केली की कुठला चिरा हलतो, कुठे उतार आहे हे पायांना पाठ होतं, मान वर करून बघायला मोकळीक मिळते. शिवाय पोफळीला शिपटं कधी आली, जायफळ कधी फुटलं, कुठला पक्षी दिवाळीनंतर दिसायला लागला हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. लांबच्या जागा मग दोन-तीन महिन्यांतून एकदा.

लांबच्यांत माझी पहिली पसंती चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ साली झालं, क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, आणि ते लहान आहे हेच आपल्या फायद्याचं. रायबंदरहून फेरीबोटीनं पलीकडे गेलं की गेट धक्क्यापासून जवळच. आत खारफुटीतून बांधलेली सपाट वाट आहे, दोन्ही बाजूंना कांदळ आणि तिवर, तिवराची ती चिखलातून वर आलेली श्वासाची मुळं, आणि पानावर मिठाचे बारीक कण, बोट लावून चाटून बघा, खारट लागतं. बगळे, पाणकावळे, खंड्या, घारी हे तर बसल्या जागी दिसतात. टेहळणीच्या मनोऱ्यावर चढायचं नाही, खालून काही कमी दिसत नाही. ओहोटीला गेलात तर चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या मासे उड्या मारताना दिसतात आणि एक पंजा मोठा असलेले छोटे खेकडे, पक्षीही तेव्हाच खायला उतरतात. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याची वेळ या आठवड्याला चालत नाही, मुलांना मोबाईलवर बघायला सांगा.

पण यात एक गोची आहे आणि ती मी कुणी सांगताना ऐकलेली नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, तो ओला असतो, त्यावर शेवाळ असतं. म्हणजे पक्ष्यांसाठी चांगली वेळ ती पायांसाठी वाईट. तर उपाय असा, धक्क्यावर चालत उतरायचंच नाही, गाडीत बसून फेरीत जायचं, गाडीत बसूनच पलीकडे उतरायचं, आणि गेटपाशी गाडीतून उतरायचं. २०२५ पासून या मार्गावर मोठी रो-रो फेरी, म्हणजे गाड्या सरळ आत-बाहेर नेता येतील अशी बोट, सुरू झालीय, त्यामुळे टेम्पो ट्रॅव्हलर किंवा दोन गाड्या घेऊन जाणं सोपं झालंय. चोडणला खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली खाडीकाठची शेती आहे, बांध आणि मानस, म्हणजे पाणी अडवायची दारं आहेत. भरती चढली की पाण्याच्याच दाबानं मानसीची दारं मिटतात आणि ओहोटीला उघडतात, ही आपल्या गावकरी लोकांची जुनी अक्कल आहे, तुमच्यातल्या कुणाचं माहेर असल्या गावचं असेल तर तिला बोलतं करा, गाईड लागणार नाही. मातीच्या बांधावर मात्र चालू नका, कडा ढासळतात.

आता व्हीलचेअरवाल्या दादांचं. त्यांच्यासाठी पणजी बरी, कांपालला मांडवीच्या काठानं सपाट चालायची जागा आहे, जुनी मोठी झाडं आहेत, पुढे मिरामारकडेही फुटपाथनं जाता येतं. सुट्टीच्या संध्याकाळी नको, गर्दी नि पार्किंगचा वैताग, आठवड्यातल्या सकाळी जा. पणजीतच पाटो भागात खारफुटीत एक वॉकवे केलेला आहे, तिथे जायचं तर फळ्या धड आहेत का हे आदल्या दिवशी कुणीतरी बघून यावं, एक फळी तुटलेली असली तरी चाक अडकतं. मिरामारच्या वाळूत व्हीलचेअर नेऊ नका, साधी चाकं रुततात. गुडघे दुखणाऱ्यांनीही कोरड्या वाळूत चालू नये, चालायचंच तर ओहोटीच्या वेळी पाण्याजवळच्या ओल्या, टणक वाळूवरून, आणि उतरती वाळू असेल तिथे एकाच दिशेनं फार वेळ नको, एक पाय सारखा खाली पडतो.

आणि त्यांना सगळ्यात आवडेल असं मला वाटतं ते करमळीचं तळं. रेल्वे स्टेशनच्या जवळ, जुन्या गोव्यापासून अगदी थोडं आत. इथे चालायची गरजच नाही, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून गाडी लावायची, खुर्ची काढायची आणि बसायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडीतली बदकं येतात, उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेली, आणि कायमच्या रहिवासी जांभळ्या पाणकोंबड्या, कमळाच्या पानांवरून चालणारे लांब बोटांचे कमळपक्षी. फिरायला जाणं म्हणजे पायांनीच जाणं असं नाही, तासभर तळ्याकडे बघत बसलेला माणूसही फिरून आलेलाच असतो. फक्त रुळांवर किंवा रुळांच्या भरावावर कुणी जाऊ नका, कितीही लोक जाताना दिसले तरी. असंच बसून बघायचं दुसरं तळं कुडचड्याचं नंदा तळं, गोव्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, २०२२ साली झालं. तुम्हाला ते लांब पडेल, सांगे-केपेकडे काही कार्य असेल तेव्हा वाट वाकडी करा.

बोंडला अभयारण्य फोंड्याहून जवळ, नातवंडं असतील तर उत्तम, प्राणिसंग्रहालयात वाटा आखलेल्या आहेत, पण चढउतार आहे आणि गुरुवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंब काळातलं, काळ्या दगडाचं, अलीकडे गाडी लावून जंगलातून बांधलेल्या वाटेनं जायचं असतं, छान सावली आहे, शेवटी थोड्या पायऱ्या आहेत, ज्यांना जमत नाही त्यांनी खाली ओढ्याच्या बाजूला झाडाखाली बसावं. तिथे मोबाईलची रेंज दगा देते, घरी आधी सांगून जा. दूधसागर, हरवळ्याच्या पायऱ्या, नेत्रावळीकडचे धबधबे हे मी तुम्हाला सुचवत नाही. कुणी नातेवाईक आग्रह करेल, काय होतंय चला, उचलून नेतो म्हणेल, नाही म्हणा.

काठीबद्दल. बाई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मला बरं वाटलं, कारण शंभरातल्या बऱ्याच जणी हे लिहीतच नाहीत आणि घरी बसतात. काठी म्हणजे तिसरा पाय, तुम्हाला ती लागते म्हणून तुम्ही कमी झालात असं अजिबात नाही. तरी लाज जात नसेल तर ट्रेकिंगची काठी घ्या, उंची कमी-जास्त करता येते, तरुण मुलं डोंगरावर हीच वापरतात, कुणी म्हातारी म्हणणार नाही. आणि सगळ्यांनीच घेतली तर एकटीला वाटायचा प्रश्नच राहत नाही. पण वापरायची कशी ते नीट बघा, दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला धरतात बहुतेक लोक, ते उलटं आहे. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि दुखरा पाय पुढे टाकताना काठीही त्याच्याबरोबर पुढे. उंची अशी की चपला-बूट घालून हात सरळ सोडला की मूठ मनगटाच्या रेषेला यावी. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला, स्वस्त असतं, पण गुळगुळीत बूच ओल्या चिऱ्यावर सटकतं आणि काठीमुळेच पडायला होतं. पायात मागून बंद असलेलं, तळाला खाचा असलेलं काहीतरी, स्लिपर नको, साडी असेल तर घोट्याच्या वर.

चालताना आणखी एक. ग्रुपमध्ये नेहमी काय होतं, ज्या भराभर चालतात त्या पुढे जाऊन थांबतात, मागची हळूहळू पोहोचते, ती पोहोचली की पुढच्या म्हणतात चला आली, आणि निघतात. म्हणजे जिला विश्रांतीची सगळ्यात गरज तिला एक मिनिटही मिळत नाही. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका. सगळ्यात हळू चालणारी पुढे, व्हीलचेअर पुढे, बाकी मागे. शेवटची पोहोचून पाच मिनिटं बसली की मगच निघायचं. वर्ग सांभाळलेल्या बाईंना हे मी काय सांगायचं. आणि बोलता आलं पाहिजे हे माप धरा, चालताना दोन वाक्यं सलग बोलता येत नसतील तर वेग जास्त आहे. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, त्यामुळे जाताना चढ सोपा वाटला म्हणून खूश होऊ नका, परतीचा विचार करा.

शुगरवाल्या दोघींनी रिकाम्या पोटी निघायचं नाही, खास करून इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर. पर्समध्ये ग्लुकोज नाहीतर साखरेच्या पुड्या, आणि कुठल्या पिशवीत आहे ते बाकीच्यांना माहीत हवं. घरी आल्यावर पायांचे तळवे बघा, बधिरपणामुळे खडा टोचलेला कळत नाही. गुडघा बदललेल्या मैत्रिणीनं ऑपरेशनच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. छातीत दुखलं, डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम आला, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर थोडं बसू, बरं वाटेल असं म्हणत थांबू नका, लगेच १०८.

पक्ष्यांचं म्हणाल तर दुर्बीण घ्यायची घाई नको. घ्यायचीच तर आठपट मोठं दाखवणारी आणि हलकी, जास्त ताकदीची घेतली तर थरथरत्या हातात चित्रच हलतं. वयानं बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येणं कमी होतं, म्हणून कुणी म्हणेल ऐका किती गोड शीळ आणि तुमच्यातल्या दोघींना काहीच ऐकू येणार नाही, त्यांना त्यावरून चिडवू नका. जाड आवाजाचे पक्षी धरा, भारद्वाजाचा तो हूप हूप हूप, तांबटाचा टुक टुक, हे बहुतेक सगळ्यांना ऐकू येतात. मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सुचवतं, नेहमी बरोबर असतंच असं नाही पण नातवंडांना घेऊन मजा येते.

दिवस कुठले? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले, पण जानेवारीत उजाडायलाच सात वाजतात तेव्हा अंधारात निघू नका. मार्चपासून दमट उकाडा वाढतो, सकाळी साडेआठच्या आत परत. पावसात मात्र चिरा आणि शेवाळ एकत्र आले की कुणाचंही काही चालत नाही, तेव्हा फक्त डांबरी रस्ता आणि देवळाचं आवार, तेही पाऊस उघडला असेल तर.

आणि श्रावणात एक करा, हे माझ्या मनातलं आहे. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळा-पानांचं सामान जमवायचे दिवस येतात. कांगणी, कवंडळं, घागऱ्या, तिरफळं, कुठलं कुठे होतं, कुठलं विषारी, कुठलं औषधी, हे तुमच्या पिढीला तोंडपाठ आहे, आमच्याला निम्मं, आणि पुढच्यांना बाजारात वाटा लावून विकायला येतं एवढंच ठाऊक. त्या दिवसांत शाळेतली चार पोरं बरोबर घ्या आणि रस्त्याच्या कडेचं नुसतं दाखवत चला, तोडून नको, दाखवून. हे ज्ञान सांगायला बाहेरून कुणी येणार नाही, तुम्ही आहात तोवरच आहे. झाडांत जायला तुम्हाला कुणाची परवानगी मागायची नाही, त्या झाडांना नावानं ओळखणाऱ्या तुम्हीच आहात.

काळजीच्या दोन-तीन गोष्टी भराभर सांगते. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाच्या साथी येऊन गेल्यात, तो गोचिडीमुळे होतो, थंडी-उन्हाळ्यात जास्त. त्या बाजूला जायचं तर आधी तिथल्या आरोग्य केंद्रात विचारा, पाचोळ्यात बसू नका, माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, घरी येऊन आंघोळ करून अंग बघा. पाचोळ्यात, दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, साप दिसला तर थांबायचं, तो जातो. कुत्रे अंगावर आले तर पळू नका, पाठ फिरवू नका, काठी पुढे धरून एका जागी उभं राहा. चावलाच तर साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी इंजेक्शन.

मुलाशी वाद घालू नका. त्याला म्हणा, पहिल्या फेरीला तूच चल, वाट तूच बघून ये. त्याला दिसू दे कुठे बसायचं ठरवलंय, गाडी कुठे थांबणार, गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत. एका कागदावर सगळ्यांची नावं, आजार, गोळ्या, घरचे नंबर लिहा, एक प्रत त्याच्याकडे द्या. काळजी करणाऱ्या माणसाला काहीतरी काम दिलं की त्याची निम्मी काळजी कमी होते. बहुतेक मुलं दुसऱ्या फेरीला स्वतःच गाडी काढतात.

आणि शेवटचं काम, येत्या ग्रामसभेत तुमच्या मंडळाच्या सगळ्यांनी सह्या करून एक अर्ज द्या. फार काही मागू नका: तुमच्या त्या वाटेवर सावलीत पाठ असलेली, हाताला आधार असलेली चार बाकं, कारण हात टेकायला काही नसलं की गुडघेवाल्यांना उठता येत नाही, उतार आहे तिथे एका बाजूला रेलिंग, आणि व्हीलचेअर जाईल असा एक रॅम्प. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत असं तो सांगतो, त्याचा उल्लेख अर्जात करा. दादांना व्हीलचेअरवरून सभेला न्या आणि अर्ज त्यांच्या हातूनच द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका, आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारा.